जागा कसली रिकामी झाली, हे आधी विचारा

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम डिसेंबरमध्ये आटोपत आला की चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. कुठला तरी असिस्टंट कोच काढला जातो, कुणी बढती घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जातो, आणि त्याच्या जागी कोण यावं यावर गावोगावी वाद पेटतात. वाद व्हावेत याला माझी ना नाही. हरकत आहे ती वादाच्या पद्धतीला. नावं भराभर पुढे येतात: हा आपल्याच कॉलेजचा जुना खेळाडू, तो एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, काम केलेला, तिसरा गेल्या वर्षीच्या विजेत्या संघातला. रिकामी झालेली जागा नेमकी कोणत्या कामाची आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की असिस्टंटची निवड आधी कामाची असते, माणसाची नंतर. काम न मांडता सुचवलेलं नाव कितीही मोठं असलं तरी तो अंदाजपंचे कारभार ठरतो.

आयोवा विद्यापीठाचं उदाहरण यासाठी सगळ्यांत बोलकं आहे. तिथे १९९९ पासून कर्क फेरेन्ट्झ मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांचा मुलगा ब्रायन २०१७ ते २०२३ अशी सात वर्षं ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, म्हणजे आक्रमणाच्या सगळ्या चाली ठरवणारा माणूस. २०२३ मध्ये आयोवाचं आक्रमण प्रति सामना यार्डांच्या हिशेबात पहिल्या श्रेणीतल्या १३३ संघांत शेवटचं होतं. सरासरी गुण १५.४. पेन स्टेटकडून ०-३१, बिग टेन या त्यांच्या गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०-२६, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात टेनेसीकडून ०-३५. तरीही बचाव आणि पंटर (चेंडू लांब लाथाडून देणारा) टोरी टेलर यांच्या जिवावर संघाने १४ पैकी १० सामने जिंकले. ऑक्टोबरच्या अखेरीस विद्यापीठाने जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन परतणार नाही, आणि त्या खुर्चीवरून तीन महिने चर्चा चालली.

आता हाच ब्रायन नेमला गेला तेव्हाचा त्याचा कागद बघा. आयोवाकडूनच आक्रमणाच्या पुढच्या रांगेत (लाइनमध्ये) सेंटर आणि गार्ड म्हणून खेळलेला, म्हणजे घरचा माणूस. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये टाइट एंड्सचा (लाइनच्या टोकाला उभं राहून अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्यांचा) कोच राहिलेला, म्हणजे एनएफएलचा अनुभव. २०१२ ते २०१६ आयोवाचा ऑफेन्सिव्ह लाइन कोच, आणि २०१६ मध्ये त्याच्या हाताखालच्या लाइनला देशातल्या सर्वोत्तम लाइनसाठीचा जो मूर पुरस्कार मिळालेला. चाहते आज ज्या तीन कसोट्या लावतात, त्या तिन्हींवर हा माणूस उतरत होता. मग बिघडलं कुठे? लाइन कोच आणि कोऑर्डिनेटर ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याला उत्तम येत होतं. दुसऱ्यासाठी वेगळी नजर लागते, आणि ती त्याच्याकडे आहे का हे तपासल्याचं सात वर्षांच्या निकालांत तरी कुठे दिसत नाही.

फरक किती खोल आहे हे एका चालीवरून कळेल. आउटसाइड झोन ही धावण्याची चाल आयोवाची जुनी रोजीरोटी. सेंटरने चेंडू मागे दिला की लाइनमधले पाचही जण एकाच दिशेला, समजा उजवीकडे, तिरकी पावलं टाकतात. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, टाइट एंडच्या बाहेरच्या अंगावर नजर ठेवून पळतो आणि दोन-तीन पावलांत ठरवतो: कडेने सुटायचं, मधल्या फटीत घुसायचं, की उलट मागे कापायचं. तेवढ्यात सेंटर आणि गार्ड मिळून समोरच्या बचावपटूला धरतात. दोघांपैकी एकाने त्याला जोडीदाराच्या हवाली करून पुढच्या लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूवर) चढायचं असतं. तो लवकर सुटला तर बचावपटू फट फोडून आत शिरतो. उशिरा सुटला तर लाइनबॅकर मोकळा राहतो आणि रनिंग बॅक दोन यार्ड मागेच आडवा होतो. सुटण्याचा हा क्षण शिकवणं, पहिलं पाऊल किती लांब, हात कुठे, डोकं कोणत्या बाजूला हे रोज घोटून घेणं, ही लाइन कोचची विद्या. कोऑर्डिनेटरचं काम याच्या वरच्या मजल्यावरचं. हीच चाल तिसऱ्यांदा बोलवली की समोरचा बचाव काय करणार? त्याच मांडणीतून क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवून पास टाकणाऱ्याने) चेंडू देण्याचं सोंग करून पास कुठे टाकायचा? चेंडू सुरू होण्याआधी एखादा रिसीव्हर (पास झेलणारा) आडवा पळवला तर लाइनबॅकर अर्धं पाऊल सरकतो, आणि तेवढ्याने गार्डला कोन मिळतो. ते अर्धं पाऊल कोऑर्डिनेटरने कमवून द्यायचं असतं.

चाहत्यांची बाजू कच्ची नाही, हे आधीच मान्य करतो. ब्रायनबद्दल ते बरोबर होते, आणि विद्यापीठाच्या आधी बरोबर होते. २०२२ मध्येही सरासरी १७.७ गुणांचीच होती. तिकीट काढणारा आणि देणगी देणारा माणूस सात वर्षं तेच पाहतो तेव्हा त्याला बोलायचा हक्क आहे. मुलगा वडिलांच्या हाताखाली नको म्हणून कागदोपत्री ब्रायनचा वरिष्ठ क्रीडा संचालक केला होता, पण रोजचं काम वडिलांबरोबरच चालायचं. अशी सोय कुणाला पटणार? लोकांचा दबाव नसता तर हा बदल झाला असता का, याची मलाही खात्री देता येत नाही.

पण त्याच दबावातून विद्यापीठाने जे मोजमाप काढलं ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनचा पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि करारात अट घातली: संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सरासरी २५ गुण करावेत. मग चाहत्यांनी १३ सामन्यांचे ३२५ गुण मोजायला सुरुवात केली. गोम अशी की यात बचावाने पळवलेल्या चेंडूवरचे आणि परतवलेल्या पंटवरचे गुणही धरले जाणार होते. म्हणजे बचावातल्या कॉर्नरबॅकने चेंडू हिसकावून शेवटच्या रेषेपलीकडे नेला, टचडाउन केलं, तरी ते कोऑर्डिनेटरच्या खात्यात जमा. पहिल्याच सामन्यात युटा स्टेटविरुद्ध २४-१४ असा विजय मिळाला आणि सगळी चर्चा एका कमी पडलेल्या गुणाची झाली. हे मोजमाप माणसाच्या कामाचं होतं का? क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेरीस जखमी होऊन बाहेर गेला, टाइट एंड ल्यूक लॅकी त्याच्याही आधी. त्याचा हिशेब या अटीत कुठेच नव्हता. ब्रायन त्या खुर्चीसाठी योग्य नव्हता हे खरं, पण ते सिद्ध करायची ही पद्धत चुकीचीच होती. आणि ज्या मापाने माणूस काढला त्याच मापाने नवा शोधायला गेलं की गेल्या वर्षी ज्यांचे गुण जास्त त्यांची यादी तयार होते.

गेल्या वर्षीचे गुण फसवतात. एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) दोन वर्षं शेजारी ठेवा. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी जो ब्रेडीला आणलं. वय २९, न्यू ऑर्लिन्स सेंट्समधला हाताखालचा मदतनीस, कोऑर्डिनेटर म्हणून कधीच काम न केलेला. पण मुख्य प्रशिक्षक एड ओरजेरॉन यांना काय हवं होतं ते स्पष्ट होतं: रिसीव्हर्स मैदानभर पसरवणारा पासिंगचा खेळ. कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर जागेवरच राहिले आणि ब्रेडीला पासिंगचा विभाग दिला. क्वार्टरबॅक जो बरोचे टचडाउन पास एका वर्षात १६ वरून ६० वर गेले, संघ १५-० राहिला आणि सर्वोत्तम असिस्टंटचा ब्रॉइल्स पुरस्कार ब्रेडीला मिळाला. पुढच्याच वर्षी बचावाची जागा रिकामी झाली तेव्हा बो पेलिनीला परत बोलावलं. हा माणूस २००७ च्या विजेत्या एलएसयूचा बचाव सांभाळणारा, लुइझियानाला पाठ असलेलं नाव. आधीच्या डेव्ह अरांडाचा तीन-चारचा बचाव (पुढे तीन, मागे चार लाइनबॅकर) मोडून चार-तीनचा उभा करायचा होता, बरेच खेळाडू एनएफएलला गेलेले, आणि वसंतातला सराव करोनाने कोलमडलेला. पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड पास टाकले. एसईसी या गटाचा विक्रम झाला तो. एलएसयूचे बचावपटू दिवसभर एकास एक अंगावर खेळत राहिले आणि आडवे पळणारे रिसीव्हर्स सुटत राहिले. आठवड्याभराने आर्कान्सासने त्याच संघासमोर आठ माणसं मागे सोडून क्षेत्ररक्षण केलं, तीन पास हिसकावले आणि २१-१४ ने जिंकले. पेलिनीला त्या हंगामानंतर जावं लागलं. तेरा वर्षांपूर्वीचं विजेतेपद त्या शनिवारी कामी आलं नाही, कारण जागा वेगळ्या कामाची झाली होती.

अलीकडचं उदाहरण ओहायो स्टेटचं. जिम नोल्स यांनी तिथल्या बचावाला जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेलं आणि लगेच पेन स्टेटने त्यांना वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलरवर नेलं. ऑक्टोबरमध्ये पेन स्टेट एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ३७-४२ असा हरला आणि त्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठवलं. ओहायो स्टेटने नोल्सच्या जागी मॅट पॅट्रिशियाला घेतलं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. एनएफएलच्या डेट्रॉइट संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशेब १३ विजय, २९ पराभव, एक बरोबरी. पण इथे मुख्य प्रशिक्षकाची जागा नव्हतीच. बचावाची मांडणी करणारा माणूस हवा होता, आणि ते काम त्यांनी पेट्रियट्समध्ये वर्षानुवर्षं केलं होतं. २०२५ मध्ये ओहायो स्टेटचा बचाव देशात सगळ्यांत कमी गुण देणाऱ्यांत राहिला.

आता घरच्या माणसाचा मुद्दा. याला वजन आहे. मिशिगनमध्ये सर्वाधिक धावयार्डांचा विक्रम ज्याच्या नावावर आहे तो माइक हार्ट २०२१ मध्ये रनिंग बॅक्सचा कोच म्हणून परतला, आणि त्यानंतरच्या तिन्ही वर्षी मिशिगनने ओहायो स्टेटला हरवलं. पण तो थेट मैदानावरून कोचच्या खुर्चीत आला नव्हता. ईस्टर्न मिशिगन, वेस्टर्न मिशिगन, सिराक्यूज, इंडियाना अशी दहा वर्षांची उमेदवारी करून आला होता. चाहते त्याच्या विक्रमाबद्दल बोलतात. मला ती दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. आयोवाच्या चाहत्यांनी तर आपलाच इतिहास उघडून पाहावा. १९६१ नंतर त्यांच्या संघाला विजयी हंगाम माहीत नव्हता. हेडन फ्राय १९७९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून टेक्ससहून आले. त्यांचे असिस्टंट पाहा: बॅरी अल्वारेझ हा मेसन सिटीच्या शाळेत शिकवणारा कोच, बिल स्नायडर नॉर्थ टेक्ससहून बरोबर आलेला. १९८१ मध्ये लाइन कोच म्हणून पंचविशीचा एक तरुण घेतला, जो कनेटिकटकडून लाइनबॅकर खेळलेला, म्हणजे लाइनच्या बरोबर विरुद्ध बाजूचा. त्याच वर्षी आयोवा रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत पोचला. तो तरुण म्हणजे कर्क फेरेन्ट्झ. पुढे स्नायडरने कॅन्सस स्टेट उभं केलं, अल्वारेझने विस्कॉन्सिन. त्या काळी चाहत्यांना नावं सुचवायला सांगितलं असतं तर या तिघांपैकी कुणाचं नाव आलं असतं?

आपल्याकडे हा प्रश्न काही परका नाही. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा काढल्या, पण भारताची टोपी मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा, जो स्वतः आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही तो काय शिकवणार, ही शंका सहज घेता आली असती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच संघाने विश्वचषक उचलला. स्वतः खेळणं आणि दुसऱ्याला शिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्यांना वेगळं सांगावं लागू नये.

रिक्रूटिंगचा मुद्दा सगळ्यांत मजबूत आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना पटवायचं असतं, आणि ओळखीचा चेहरा दार उघडतो. बाहेर फिरून भरती करायची परवानगी मुख्य प्रशिक्षक आणि दहा असिस्टंट एवढ्यांनाच, म्हणून त्यातली एक जागा वाया घालवणं महाग पडतं. पण दार उघडल्यावर मुलगा चार वर्षं टिकतो तो शिकायला मिळालं तर. ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूला विद्यापीठ बदलू देणारी सोय) आल्यापासून न शिकवणाऱ्या कोचची भरती वर्षभरात दुसऱ्या संघाच्या कामी येते. आयोवात टायलर लिंडरबॉम बचावाच्या लाइनसाठी आला होता. त्याला सेंटर केलं आणि २०२१ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार त्याने घेतला. २०२२ मध्ये लोगन जोन्सला त्याच वाटेने नेलं. भरतीच्या क्रमवारीत या दोन मुलांची जी किंमत होती, ती शिकवण्याने कितीतरी वाढली.

शिकवायला वेळ किती असतो, हेही धरा. हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. वसंतात सराव फक्त १५. त्यातला वैयक्तिक तंत्राचा भाग दर दिवशी बारा मिनिटं धरला तर पूर्ण वसंतात तीन तास होतात. नव्या कोऑर्डिनेटरने प्रत्येक चालीचं नाव बदललं तर हे तीन तास पावलं शिकण्याऐवजी शब्द पाठ करण्यात जातात. एनएफएलमधून येणाऱ्यांकडून ही चूक फार होते. तिथल्या चालींची नावं लांबलचक असतात आणि ती पेलणारे खेळाडू पगारी असतात, त्यांना रसायनशास्त्राची परीक्षा नसते. २०२४ पासून कॉलेजातही क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा उरले की आवाज बंद होतो. बारा-चौदा शब्दांची चाल सांगून, ती दहा जणांपर्यंत पोचवून, समोरचा बचाव वाचायला मग किती सेकंद उरतात? म्हणून उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हा: आमच्या खेळाडूंना येणारी किती नावं तू तशीच ठेवणार? दुसरा: आमच्याच तीन सामन्यांची फिल्म बघून सांग, चाल चुकली की पाऊल चुकलं?

आयोवाने जानेवारी २०२४ च्या अखेरीस टिम लेस्टरला घेतलं. चाहत्यांना मोठं नाव हवं होतं. हा वेस्टर्न मिशिगनमधून ३७-३२ अशा हिशेबावर काढलेला आणि नंतर वर्षभर एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्समध्ये सामन्यांचं विश्लेषण करणारा अॅनालिस्ट असलेला माणूस. पण पॅकर्सचा धावखेळ त्याच आउटसाइड झोनवर उभा आहे, फक्त चेंडू सुरू होण्याआधीची हालचाल भरपूर. म्हणजे लाइनला येत असलेली विद्या तशीच राहणार होती, वर ते अर्धं पाऊल मिळणार होतं. लाइन कोच जॉर्ज बार्नेट जागेवर राहिले, लाइनही बरीचशी तीच. रनिंग बॅक केलब जॉन्सनने २०२३ मध्ये ४६३ यार्ड केले होते. २०२४ मध्ये १,५३७ आणि २१ टचडाउन. सरासरी गुण २७ च्या वर गेले. पासिंग मात्र तसंच लंगडं राहिलं, हे लपवायचं कारण नाही. क्वार्टरबॅक घडवण्याचं काम वेगळं होतं आणि ते एका नेमणुकीत भागणारं नव्हतं.

उशीर झाला तर खेळाडू जातील, ही भीती खरी आहे. २०२६ पासून पोर्टलची एकच खिडकी उरली, २ ते १६ जानेवारी. त्याआधी जागा भरलेली बरी, हे कोण नाकारेल? पण घाईचं उत्तर ओळखीचं नाव नाही. काम आधीच लिहून ठेवलं असेल तर शोध दहा दिवसांत संपतो. लिहिलं नसेल तर दोन महिने पुरत नाहीत. शिवाय २०२४ च्या उन्हाळ्यात एनसीएएने (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) नियम सैल केला. अॅनालिस्टलाही आता सरावात आणि सामन्यात शिकवता येतं, फक्त बाहेर भरतीला जाता येत नाही. म्हणजे भरती करणारा आणि शिकवणारा एकच माणूस असायला हवा ही जुनी अडचण बरीच सुटली. आयोवाने २०२५ मध्ये वॉरेन रुजिएरोला सीनियर अॅनालिस्ट म्हणून घेतलं. वेक फॉरेस्टमध्ये २०१४ ते २०२४ अकरा हंगाम आक्रमण सांभाळलेला हा माणूस आता क्वार्टरबॅक्सबरोबर बसतो. दहा असिस्टंटांच्या यादीत त्याचं नाव शोधून सापडणार नाही.